लघवी चहासारखी झाली? रक्तवाहिन्यांच्या सुजेत किडनी न दुखताच जाते

शरीराची प्रतिकारशक्ती कधी उलटते आणि स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणते. डॉक्टर याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. त्यातल्या 'एएनसीए' प्रकारात किडनीला फटका बसतो. एका किडनीत बारीक रक्तवाहिन्यांच्या सुमारे 10 लाख गाळण्या असतात. गाळणी फाटली की रक्त आणि प्रथिनं लघवीत उतरतात.

अडचण अशी, की यात किडनी बहुधा दुखत नाही. दिसतं काय, तर ताप, वजन घटणं, सांधेदुखी, नाकातून किंवा खोकल्यातून रक्त. आपल्याकडे मग टीबीचाच संशय येतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, गोळ्यांनी फरक नाही, तरी महिने जातात. वर मेडिकलवरून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, त्या किडनीला आणखी मारक. इकडे काही आठवड्यांतही किडनी निकामी होऊ शकते.

लघवी चहासारखी किंवा फेसाळ, पायांवर सूज, बीपी वाढलेलं, असं असेल तर लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन लगेच करून घ्यावं. खर्च फार नाही. दोष निघाला तर किडनीतज्ज्ञ गाठावा. पुढे एएनसीए तपासणी आणि बहुतेकदा किडनीची बायोप्सी.

उपचार आहे. स्टिरॉइड, सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब. ही औषधं नव्हती तेव्हा बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड मनाने बंद करू नये, आजार उलटतोही. क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट मात्र फेकू नका. आकडा किती दिवसांत किती चढला, हे डॉक्टर आधी विचारतात.