चित्रपटाचीं देहांतरें

पुणें जिल्ह्याच्या बारामती तालुक्यांतील जिराईत पट्ट्यांत लोणी भापकर नांवाचें गांव आहे. मल्लिकार्जुनाचें जुनें दगडी देऊळ, तेथील पुष्करिणी आणि पाषाणाचा यज्ञवराह यांकरितां तें अभ्यासकांस ठाऊक आहे. ज्या हातांनीं तो वराह घडविला त्यांचें काम पाहण्यास आज कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. डोळे आणि थोडा उजेड असला म्हणजे पुरे. पश्चिम महाराष्ट्रांतल्या अशाच गांवांच्या जत्रांतून विसाव्या शतकांत तंबूंतले सिनेमे फिरले, आणि पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं वगनाट्यांच्या तबकड्या पालांतून विकल्या गेल्या. त्या तबकड्या आज कोणाच्या कपाटांत सांपडल्याच, तरी त्या नुसत्या पाहून कांहींच दिसत नाहीं. दगडाला जें साधलें तें चित्रपटाला साधलेलें नाहीं. दर वीस-पंचवीस वर्षांनीं त्याला जुना देह टाकून नवा धारण करावा लागतो. ज्याला तो मिळत नाहीं तो नाहींसा होतो. तबकडीवरून खिशांतल्या यंत्रांत झालेलें देहांतर हें त्यांतलें अगदीं अलीकडचें. तें घडतांना आपण सर्वांनीं पाहिलें, आणि म्हणूनच बहुधा कोणी लिहून ठेवलें नाहीं.

मूळचा देह सेल्युलोज नायट्रेटच्या फितीचा होता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफांत लोकांपुढें आला तो याच फितीवर. प्रभात फिल्म कंपनीनें कोल्हापुरांत काढलेला १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आणि पुण्यास आल्यावर काढलेला १९३६ चा 'संत तुकाराम' हेहि त्याच जातीचे. नायट्रेटची फीत पडद्यावर मोठी देखणी दिसे. परंतु कुळानें ती स्फोटक दारूची बहीण. एकदां पेटली कीं ती पाण्याखालींहि जळत राही, आणि न पेटली तरी हळूहळू चिकट होऊन शेवटीं तिची पूड होई. तिच्यांत चांदीचा अंश असल्यामुळें जुनीं रिळें चांदी काढण्यासाठीं विकण्याचा व्यवहारहि होता. भारताचा पहिला बोलपट, १९३१ चा 'आलम आरा', आज उपलब्ध नाहीं. पुढें १९५० च्या सुमारास न पेटणारी ॲसिटेटची फीत सर्वत्र रूढ झाली. पण तिला दुसरा रोग जडला. उष्ण आणि दमट हवेंत ती आंबते आणि डबा उघडतांच व्हिनेगरचा वास येतो. आपल्या देशाची हवा तिला किती मानवली असेल हें सांगावयास नको.

पुण्यांत फेब्रुवारी १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, आणि पी. के. नायर यांनीं तें १९९१ पर्यंत अक्षरशः गोळा करून उभें केलें. फाळक्यांच्या कृतींचे जे तुकडे आज आपण पाहूं शकतों त्याचें श्रेय बव्हंशीं त्यांचें. तरीहि जानेवारी २००३ मध्यें नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून कित्येक जुनीं रिळें भस्मसात् झालीं. ज्यांची प्रत आधींच दुसऱ्या फितीवर उतरली होती ते चित्रपट राहिले. संग्रहालयशास्त्राचा सारा गाभा एवढ्या एका वाक्यांत येतो: जें उतरलें तें उरलें.

घरांत चित्रपट शिरला तो प्रथम चुंबकीय फितीच्या रूपानें, परंतु सामान्य मराठी कुटुंबाच्या मालकीचा झाला तो तबकडीच्या रूपानें. १९९३ सालीं व्हीसीडीची पद्धति निघाली. तिच्यावर सुमारें ७४ मिनिटांचें चित्र मावे, म्हणून एका चित्रपटास दोन किंवा तीन तबकड्या लागत, आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी येण्याच्या सुमारास कोणीतरी उठून तबकडी बदलीत असे. १९९६ च्या अखेरीस जपानांत आणि १९९७ मध्यें अमेरिकेंत डीव्हीडी आली. तबकडीचा व्यास तोच, बारा सेंटीमीटरांचा. मात्र लेसरचा किरण बारीक केल्यामुळें एका थरांत ४.७ अब्ज बाइटांची माहिती बसूं लागली. आपल्याकडे दोन्ही प्रकार बरींच वर्षें बरोबरीनें चालले. २००७ सालीं मोसर बेअर या कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हां चित्रपट विकत घेणें ही चैन राहिली नाहीं. लोकांच्या तोंडीं मात्र 'सीडी' हा एकच शब्द राहिला. मग ती कोणत्याहि जातीची असो.

आतां या तबकडींत चित्रपट बसतो कसा, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. त्यावांचून पुढचें देहांतर कळणार नाहीं. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ अशा बिंदूंचें असतें, आणि सेकंदास अशीं पंचवीस चित्रें सरकतात. हीं सर्व जशींच्या तशीं ठेविलीं तर ती प्रचंड वाटणारी तबकडी अवघ्या पांच मिनिटांत भरेल. म्हणून चित्र दाबावें लागतें. एका चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, जो बारकावा डोळ्यांस जाणवत नाहीं तो टाकावयाचा, आणि पुढच्या चित्रांत जेवढें बदललें तेवढेंच नोंदावयाचें. तुकाराम ओवरींत स्वस्थ बसले असतील तर मागची भिंत प्रत्येक चित्रांत नव्यानें लिहिण्याचें कारण नाहीं. या संक्षेपाच्या रीतीस एमपेग-२ म्हणतात. ती मोठी हुषार आहे, परंतु तिनें एकदां टाकलेलें पुन्हां मिळत नाहीं.

संक्षेपापेक्षांहि एक सूक्ष्म फरक पडतो, आणि गाण्याची आवड असलेल्या वाचकांस तो मौजेचा वाटेल. चित्रपट सेकंदास चोवीस चित्रांचा, तर पाल तबकडी पंचविसांची. बहुतेक वेळां चित्रपट किंचित् वेगानें पळवून हा हिशेब जुळविला जातो. त्यामुळें सव्वादोन तासांचा चित्रपट सुमारें पांच मिनिटें आधीं संपतो, आणि स्वर सुधारून घेतला नसेल तर पट्टीहि चढते. काळी एकमध्यें गायिलेला अभंग पांढरी दोनच्या बराच जवळ जाऊन पोंचतो. लहानपणापासून तबकडीवरच ऐकलेल्या माणसास तोच मूळ स्वर वाटतो. पेटीवर बोट ठेवून पाहिल्याखेरीज ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं, आणि पेटीवर बोट ठेवून सिनेमा पाहणारे कितीसे असणार!

डीव्हीडीस कुलूपहि होतें. चित्रपट-कंपन्यांनीं चाळीस द्विमान अंकांच्या किल्लीनें तीवरील मजकूर गुप्त केला होता, आणि जगाचे प्रदेश पाडून प्रत्येकास एक क्रमांक दिला होता. अमेरिकेचा क्रमांक एक, भारताचा पांच. पुण्यामुंबईस घेतलेली तबकडी घेऊन न्यू जर्सीस मुलाकडे गेलेल्या आईबापांस तेथील यंत्र कधीं कधीं ती नाकारी. सर्वच भारतीय तबकड्यांवर असें बंधन नसे. पण ज्यांवर असे तेथें पैसे देऊन घेतलेली वस्तु समुद्र ओलांडतांच मुकी होई. हें कुलूप ऑक्टोबर १९९९ मध्यें उघडलें. नॉर्वेतील योन लेक योहान्सेन हा त्या वेळीं पंधरा वर्षांचा होता. त्यानें दोन अनाम साथीदारांसह तयार केलेली आज्ञावली जगभर पसरली. त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहण्यासाठीं कुलूप काढणें हा गुन्हा नव्हे, असें ठरवून ऑस्लोच्या न्यायालयानें २००३ च्या जानेवारींत त्यास निर्दोष सोडलें, आणि वरिष्ठ न्यायालयानेंहि त्याच वर्षाच्या अखेरीस तें कायम केलें. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याची दृष्टि याहून फार कडक आहे. आपल्या प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घातलें गेलें. तें हक्कभंगाच्या उद्देशानें कुलूप तोडणारास शिक्षा सांगतें, पण कायद्यानें मना न केलेल्या कामास आड येत नाहीं. त्याच दुरुस्तीनें खाजगी उपयोगासाठींच्या रास्त वापराची कक्षा चित्रपटांपर्यंत आली. शिवाय चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनीं संपतो, तेव्हां 'संत तुकाराम' तर केव्हांच सर्वांचा झालेला आहे. विकण्यासाठीं शेंकडों प्रती काढणारा आणि आपल्याच तबकडीची एक प्रत ठेवणारा यांस एकाच पारड्यांत तोलूं नये, ही साधी न्यायबुद्धि आहे. दुर्दैवानें 'पायरसी' हा एकच शब्द दोघांवरहि फेंकला जातो.

कुलूप उघडण्याची युक्ति सांपडल्यावर उरलें तें रूपांतराचें काम. २००३ सालीं दोन गोष्टी घडल्या: एच.२६४ ही संक्षेपाची नवी रीत प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि एरिक पेती नांवाच्या प्रोग्रॅमरनें हँडब्रेक ही आज्ञावली लिहिली, ती पुढें फुकट सर्वांच्या हातीं आली. ऑक्टोबर २००५ मध्यें ॲपलनें चित्र दाखविणारा आयपॉड काढला. त्याचा पडदा ३२० बाय २४० बिंदूंचा, म्हणजे व्हीसीडीपेक्षांहि लहान. त्या पडद्यास पुरेल एवढें करून तबकडीवरचा चित्रपट त्यांत उतरवितां येऊं लागला. परदेशांतील मराठी घरांत हा मार्ग रुळला. आपल्या गांवांत मात्र आयपॉडाला कोण विचारतो! तेथें मोबाइल आला, आणि तालुक्याच्या बाजारपेठेंत 'मेमरी कार्ड भरून देण्याचा' धंदा आला. दुकानदाराच्या संगणकांत गाणीं, लावण्या, तुकडे पाडलेले चित्रपट साठविलेले असत. दहा-वीस रुपये दिले कीं तो नखाएवढें कार्ड भरून देई. २०१६ मध्यें स्वस्त इंटरनेट खेडोपाडीं पोंचेपर्यंत हा धंदा जोरांत होता. कायद्याच्या दृष्टीनें त्यांतलें बहुतेक काम सरळसरळ चोरीचें. परंतु तमाशाचा तंबू आणि तंबूंतला सिनेमा यांच्यानंतर गांवकऱ्याच्या करमणुकीची जागा या दुकानानें घेतली, हेंहि इतिहासानें नोंदलें पाहिजे. त्या तंबूंचे शेवटचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटांत टिपले. २०१६ सालीं कान येथें तो दाखविला गेला.

त्या काळच्या मोबाइलचें चित्र बहुधा १७६ बाय १४४ बिंदूंचें असे. डीव्हीडीच्या चित्राचा हा सुमारें सोळावा हिस्सा. तेवढ्याशा पडद्यावर चेहरे ओळखूं येत आणि गाणें ऐकूं येई, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. खरी हानि निराळीच झाली. पुष्कळांनीं ही लहान प्रत करून घेतली आणि मूळ तबकडी टाकून दिली. पुढें मोबाइलचा पडदा मोठा झाला, घरांत भिंतीएवढे टीव्ही आले, आणि त्यांवर ती प्रत लावतांच चित्राच्या जागीं रंगीत चौकोन दिसूं लागले.

आपल्या परंपरेला या प्रश्नाची ओळख नाहीं असें नव्हे. ज्ञानेश्वरी तीनशें वर्षें हातानें उतरविली जात होती. प्रत्येक लेखकानें थोडें गाळलें, थोडें घातलें, आणि शके १५०६ मध्यें एकनाथांस अनेक प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. पोथीच्या नकलेंत आणि तबकडीच्या नकलेंत मात्र एक मोठा भेद आहे. संगणकानें केलेली निव्वळ नक्कल मुळाशीं शेवटच्या अंकापर्यंत जुळते. तिच्यांत काना-मात्रेचाहि फरक पडत नाहीं. दोष शिरतो तो रूपांतरांत. आधींच संक्षिप्त केलेलें चित्र उलगडून पुन्हां दुसऱ्या रीतीनें संक्षिप्त केलें कीं पहिल्याचें गाळलेलें तर जातेंच, वर दुसऱ्याचें गाळणेंहि पडतें. एकनाथांजवळ ताडून पाहण्यास अनेक प्रती होत्या. ज्या तबकडीची दुसरी प्रतच नाहीं तिला कोणता एकनाथ शुद्ध करणार?

आणि अशा तबकड्या पुष्कळ आहेत. प्रभातच्या चित्रपटांची फार काळजी करण्याचें कारण नाहीं. त्यांच्या फिती संग्रहालयांत आहेत. परंतु २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत जत्रांतून आणि एसटी स्टँडांवरून विकलीं गेलेलीं वगनाट्यें, भारुडें, जागरण-गोंधळ, कीर्तनें यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतलीं कित्येक थेट व्हिडिओवर घेऊन व्हीसीडीवर काढलीं गेलीं. त्यांच्यामागें सेल्युलॉइडची फीत कधीं नव्हतीच. काढणाऱ्या लहान कंपन्यांचीं दुकानें बंद झालीं. ज्या सोंगाड्यांनीं हजारों प्रेक्षकांस हंसविलें त्यांतले कांहीं आज हयात नाहींत, आणि त्यांचें बोलणें-चालणें फक्त या २८-३० रुपयांच्या तबकड्यांत उरलेलें आहे. चित्र अंधुक, आवाज चिरका. तरी तमाशाचा इतिहास लिहिणारास पुढें हाच दस्तऐवज लागेल. तीच गोष्ट घरोघरच्या लग्नांच्या तबकड्यांची. कारखान्यांत दाबून काढलेल्या तबकडीवर प्लॅस्टिकच्या थरांत खळगे असतात आणि ती बरीच टिकते. फोटोग्राफरनें आपल्या दुकानांत भरून दिलेल्या तबकडीवर मात्र एका रंगाचा पातळ थर असतो. ऊन, उष्णता आणि काळ यांनीं तो उडतो. आजी त्या लग्नांत उखाणा घेते आहे आणि आज आजी नाहीं, अशा घरांनीं ही गोष्ट विसरूं नये.

करावयाचें तें फारसें अवघड नाहीं. नव्या संगणकांत तबकडीचा खण नसतो, तो वेगळा विकत मिळतो. प्रथम तबकडीवर जें आहे तें कोणताहि फेरबदल न करतां तसेंच उतरून घ्यावें. घरगुती तबकडीस कुलूप नसतें, तेव्हां नुसती नक्कल पुरते. ती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी. मग मोबाइलसाठीं हवी तेवढी लहान प्रत तिच्यावरून करावी, आणि तबकडीहि टाकूं नये. एका डीव्हीडीस कांहीं वेळ लागतो. तबकडी ओरखडलेली असेल तर यंत्र एकाच जागीं पुन्हां पुन्हां फिरून वाचण्याचा यत्न करतें आणि अधिक वेळ घेतें. तेवढ्या वेळांत उखाण्यांतलीं नांवें आणि पंक्तींतले चेहरे घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून कागदावर उतरून घेतां येतात.