परक्या बांधीतले पऱ्हे

दुसऱ्याची गोष्ट घेऊन ती आपल्या माणसांच्या तोंडी घालणे, याला मराठीत 'रूपांतर' असा भारदस्त शब्द आहे. 'उचलेगिरी' असा दुसरा, कमी भारदस्त शब्दही आहे. यातला कोणता शब्द कुठे वापरायचा, हा वाद आपल्या रंगभूमीवर शंभराहून अधिक वर्षे चालत आला आणि दूरचित्रवाणी आल्यावर घराघरात शिरला. त्या वादाचा थोडा इतिहास आज आपण पाहू. सुरुवात लंडन आणि न्यूयॉर्कपासून करू या. कारण एकच इंग्रजी बोलणाऱ्या या दोन देशांनाही एकमेकांची गोष्ट जशीच्या तशी पचत नाही.

बीबीसीवर १९६६ साली 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका सुरू झाली. जॉनी स्पाइट यांनी लिहिलेल्या या मालिकेचा नायक अल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधला कामकरी माणूस. तोंडाने फटकळ, मनाने कोता. राणीचा भक्त, हुजूर पक्षाचा मतदार, आणि बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या माणसांविषयी जिभेवर सदैव विष. घरात समाजवादी विचारांचा जावई. सासऱ्या-जावयाचे भांडण हाच मालिकेचा प्राण. नॉर्मन लिअर यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत तिच्यावरून 'ऑल इन द फॅमिली' केली. गार्नेटचा आर्ची बंकर झाला आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहू लागला. अमेरिकेत राणी नाही. तिच्या जागी व्हिएतनामचे युद्ध आले, आणि शेजारी म्हणून काळ्या माणसांचे जेफरसन कुटुंब आले. आर्ची ज्यांना नावे ठेवायचा, तेच त्याच्या दारात उभे राहून त्याला उत्तर देऊ लागले. ही मालिका लागोपाठ पाच हंगाम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७५ मध्ये तर त्या जेफरसन कुटुंबाची स्वतंत्र मालिका निघाली.

दुसरे उदाहरण भंगारवाल्यांचे. 'स्टेप्टो अँड सन' १९६२ साली बीबीसीवर आली. घोडागाडीवरून भंगार गोळा करण्याचा धंदा असलेला म्हातारा बाप आणि त्याच्या तावडीतून सुटू पाहणारा मुलगा. मुलाला पुस्तके हवीत, संगीत हवे, चार बऱ्या माणसांत ऊठबस हवी, आणि बाप त्याला पुन्हा भंगारात ओढतो. वरच्या वर्गाचे दार ज्याला कधीच उघडत नाही, अशा माणसाचे दुःख त्या विनोदाच्या पोटात आहे. अमेरिकेत १९७२ साली तिची 'सॅनफर्ड अँड सन' झाली तेव्हा बाप-लेक काळे झाले आणि त्यांचे दुकान लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत गेले. याच वॉट्समध्ये १९६५ साली मोठी दंगल पेटली होती. इंग्लंडमधली वर्गाची गोष्ट अमेरिकेत वर्णाची गोष्ट झाली. भंगार तेच, बाप-लेकही तसेच, फक्त दुखण्याची जागा बदलली.

ज्यांना ही जागा सापडली नाही ते फसले. 'फॉल्टी टॉवर्स' ही चिडक्या हॉटेलमालकाची ब्रिटिश मालिका केवळ बारा भागांची, तरी अजरामर. अमेरिकेने ती पुन्हा पुन्हा करून पाहिली. १९८३ च्या 'अमांडाज' मध्ये तर मालकाच्या जागी मालकीणबाई आणली, आणि काही महिन्यांत मालिका बंद पडली. आपला दर्जा वरचा आहे असे समजून गिऱ्हाइकाला तुच्छ लेखणारा, आणि उमराव दिसला की लाळघोटेपणा करणारा तो बेसिल फॉल्टी अस्सल इंग्रजी वर्गव्यवस्थेची पैदास होता. ते खत काढल्यावर रोप जगणार कसे? 'द ऑफिस' ची गोष्ट उलटी. २००५ साली अमेरिकेत तिचा पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेवरच बेतला होता. पुढे लेखकांनी स्वतःचे कार्यालय, स्वतःची माणसे रचली आणि ती मालिका २०१३ पर्यंत चालली. ब्रिटिश मूळ मालिका दोन छोट्या हंगामांत आणि नाताळच्या खास भागांत आटोपली होती.

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान दोन रीतींनी होतो. बी थेट बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, फेकतात त्याला आवत्या म्हणतात. दुसरी रीत रोवणीची. एका तुकड्यात दाट पऱ्हे, म्हणजे रोपे, वाढवायची, उपटायची आणि दुसऱ्या बांधीत चिखल करून रोवायची. उपटलेले रोप दोन-चार दिवस पिवळे पडते, मग नव्या चिखलात मूळ धरते. रूपांतराचेही असेच आहे. चिखलणी केल्याशिवाय रोवणी होत नाही. आपल्याच समाजाची माती आधी ढवळावी लागते.

आपल्याकडच्या मालिकांना ही परीक्षा लावून पाहा. ब्रिटनमध्ये १९७७ साली आलेली 'माइंड युवर लँग्वेज' ही इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांच्या वर्गाची मालिका. त्यात भारतीय, पाकिस्तानी, चिनी माणसांच्या उच्चारांवर हशा पिकवला जाई आणि त्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली. अमेरिकेत १९८६ साली तिच्यावरून 'व्हॉट अ कंट्री' निघाली, ती एका वर्षात संपली. आपल्या दूरदर्शनवर १९९३ मध्ये पंकज कपूर यांची 'जबान संभालके' आली. वर्ग हिंदीचा झाला. बाकावर एखाद-दुसरा गोरा असला, तरी त्याच्या शेजारी आपलेच देशबांधव बसले होते, आणि त्यांत विजू खोटे यांनी रंगवलेला एक मराठी माणूसही होता. आपल्याच देशात आपल्या उच्चारावर हसू येते, ही गंमत त्या मालिकेने नेमकी हेरली होती.

'येस मिनिस्टर' चे तसे झाले नाही. २००१ साली 'जी मंत्रीजी' या नावाने ती हिंदीत आली. फारूख शेख आणि जयंत कृपलानी यांच्यासारखे कसलेले नट होते. पण मूळ मालिकेतला विनोद एका गोष्टीवर उभा आहे: मंत्री येतात-जातात, सचिव मात्र खुर्चीला चिकटलेला असतो आणि मंत्री त्याचे काही बिघडवू शकत नाही. आपल्याकडे सचिवाच्या डोक्यावर बदलीची टांगती तलवार असते, हे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. तो पायाच निसटल्यावर संवाद कितीही चुरचुरीत असले तरी घर डळमळणारच.

'हू वाँट्स टु बी अ मिलिअनेअर' हा तर निव्वळ सौद्याचा मामला. १९९८ साली ब्रिटनमध्ये जन्मलेला हा खेळ १९९९ मध्ये अमेरिकेत गेला, २००० साली 'कौन बनेगा करोडपती' होऊन हिंदीत आला आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या आवाजात 'कोण होईल मराठी करोडपती' झाला. २०१९ साली नागराज मंजुळे यांनी 'कोण होणार करोडपती' ची खुर्ची सांभाळली. अशा खेळाचा साचाच विकत घेतलेला असतो. रचना, दिवे, संगीत, सारे ठरलेले. बदलते ती फक्त समोर बसलेल्या माणसाची कहाणी आणि तिच्याशी बोलणाऱ्याची भाषा. पण तेवढ्याच फटीतून तो खेळ आपला झाला.

मराठी रंगभूमीला मात्र ही विद्या दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीपासून अवगत होती. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' घ्या. मूळ नाटक फ्रेंच नाटककार मोलिएरचे, १६६० सालचे. त्यावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ साली लंडनसाठी 'ऑल इन द राँग' लिहिले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' केले, आणि १९१६ साली ते संगीत होऊन 'संशयकल्लोळ' या नावाने रंगमंचावर आले. पॅरिस, लंडन आणि मग महाराष्ट्र. पण फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या या महिन्या-नक्षत्रांच्या गोतावळ्यात फ्रान्स कुठे शोधायचा?

देवलांची खरी करामत रेवतीत आहे. इंग्रजी नाटकात प्रेम करणारी तरुणी प्रतिष्ठित घरातली आहे. त्या काळच्या आपल्या प्रतिष्ठित घरातली मुलगी परपुरुषाला एकटी भेटणार कशी, गाणार कशी, रुसून भांडणार कशी? देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केले. एका निर्णयात तिचे गाणे शक्य झाले, प्रेम शक्य झाले, आणि 'हिच्या प्रेमावर विश्वास ठेवावा का' हा समाजाच्या मनातला संशयही नाटकात आपोआप शिरला.

हीच दृष्टी पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' लिहिताना दाखवली. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन'. १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत आणि १९१४ मध्ये लंडनला इंग्रजीत ते प्रथम झाले. अमेरिकेने १९५६ साली त्याची 'माय फेअर लेडी' ही संगीतिका केली. गाणी आली, झगमगाट आला, आणि शेवटी नायिका त्या प्राध्यापकाकडे परत येऊ लागली. शॉ यांना हे मुळीच मान्य नव्हते. ती दुसऱ्याशी लग्न करते, असे त्यांनी नाटकाला पुरवणी जोडून बजावून सांगितले होते. गोड शेवटाच्या नादात मूळ प्रश्न मागे पडला. शॉ यांचा प्रश्न होता: भाषा बदलून दिलेल्या या मुलीने आता जायचे कुठे? फुले विकायला ती परत जाऊ शकत नाही आणि बंगल्यातली ती झालेली नाही.

पु.लं.पुढची अडचण वेगळी होती. लंडनची गरीब फुलवाली शब्दारंभीचा 'ह' गाळते. मराठीत 'ह' गाळून भागणार नव्हते. त्यांनी मराठीचा दुखरा वर्ण शोधला, तो म्हणजे 'ण'. भक्ती बर्वे यांची मंजुळा साळुंखे 'आनि', 'पानी' म्हणते आणि सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक तिला 'ण' शिकवतात. एका अक्षरात जात आली, पेठ आली, शाळा आली, सारा महाराष्ट्र आला. २०२३ साली 'फुलराणी' चित्रपटात हीच मुलगी कोळीवाड्यातली शेवंता तांडेल झाली. म्हणजे रोवणी अजून चालूच आहे.

आता हे नाटक लाखनीत बसून ऐका. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या झाडीपट्टीत आमच्या बोलीत 'ण' नाही आणि 'ळ' ही नाही. पाणी 'पानी' आहे, डोळा 'डोरा' आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा सखोल अभ्यास मांडला आणि तिला तिचा मान मिळवून दिला. मंजुळेच्या 'पानी' वर पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात हशा पिकतो, तेव्हा आमचा सारा मुलूख तिच्या बाजूने रंगमंचावर उभा असतो. माझ्या घरात हिंदुस्थानी, बांधीवर झाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी. उर्दू जाणणाऱ्यांनी माझा 'ख' आणि 'ज' दुरुस्त केला, मराठी जाणणाऱ्यांनी 'ण'. त्या प्राध्यापकाची खोली मला चांगली ओळखीची वाटते.

झाडीपट्टीची स्वतःची रंगभूमी आहे. धान कापून झाला की मंडई भरते, शंकरपट होतात, आणि वडसा या गावातल्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. या कंपन्यांना माझी एक विनंती आहे. झाडीची फुलराणी लिहा. ती फुले विकणार नाही, कारण आमच्या बाजारात फुलांवर पोट भरत नाही. ती बिड्या वळेल. तिला शिकवणारा प्राध्यापक नागपूरहून येईल की आमच्याच गावातला, शहरात शिकून परतलेला मुलगा असेल, ते लेखकाने ठरवावे. ती 'ण' शिकेल, नोकरीच्या मुलाखतीत पास होईल, आणि त्या रात्री घरी येऊन आईला पाणी मागेल.

ते पाणी ती कोणत्या 'न' ने मागेल? शॉ यांच्या, पु.लं.च्या किंवा अमेरिकेच्या नाटकात याचे उत्तर मिळणार नाही. ते वडशाच्या मांडवातच मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)