जीप कुठल्या सालात परत न्यायची?

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण नवीन लाँचवर नाही. मोबाइलवर ते व्हिडिओ तुम्ही बघितलेच असणार. अमेरिकेतला कुणीतरी काका, घरामागचं गॅरेज, आत गंजलेली १९६९ ची डॉज चार्जर. वीस मिनिटांच्या व्हिडिओत ती गाडी पार खोलतात, घासतात, रंगवतात आणि शेवटी इंजिनचा आवाज असा येतो की हेडफोन काढावा लागतो. खाली आपल्याकडच्या पोरांच्या कमेंट्स: 'भाई, इंडियामध्ये असं का होत नाही?'

होतं. फक्त गाडी वेगळी असते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याच्या एखाद्या खळ्यात किंवा तळोद्याच्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली जुनी चारचाकी उभी असेल, तर ती जीप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. असं का, आणि ती जीप घरी परत उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आज बघू. यात एक प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर कुठल्याच पान्याने खुलत नाही.

आधी ती मसल कार. साधारणपणे तिची सुरुवात १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. कल्पना सोपी होती: मधल्या आकाराची गाडी घ्या आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवा. कंपनीची मालक जनरल मोटर्स. मधल्या आकाराच्या गाडीत साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा तिचाच नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्याच्या टीमने पळवाट काढली. ६.४ लिटरचं, ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन 'जादा पैसे देऊन मिळणारा पर्याय' म्हणून यादीत टाकलं. गाडी तुफान खपली, मग बाकीच्या कंपन्याही मागे लागल्या. पुढे १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा, महागलेला विमा आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो खेळ संपवला.

आता गंमत बघा. याच अमेरिकन कंपन्या त्याआधी मुंबईत होत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. म्हणजे ज्या डॉजच्या नावाने आज रील्स फिरतात, ते नाव आपल्या कुर्ल्याच्या गेटमधून बाहेर पडलेलं आहे.

मग १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. नुसते परदेशी सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम असेल तरच राहा, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. म्हणून १९६४ साली तिकडे जीटीओ निघाली तेव्हा कुर्ल्यात फियाट बनत होती, १०८९ सीसीची. जीटीओचं इंजिन तिच्या जवळजवळ सहापट! आपल्याकडे मसल कार का नाही, याचं उत्तर इथे आहे. रस्ते, पेट्रोल, खिसा हे सगळं होतंच, पण दारच त्याआधी बंद झालं होतं.

जीप मात्र राहिली, आणि तिची गोष्ट युद्धातून सुरू होते. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं की आम्हाला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी कोण बनवून देईल? मुदत इतकी कमी होती की बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनेच पहिली गाडी वेळेत, ४९ दिवसांत आणून उभी केली. पण मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्डला, कारण बॅन्टमची एवढ्या गाड्या बनवायची ऐपत नव्हती. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनल्या.

इकडे १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजचे सुटे भाग पेट्यांमधून यायचे आणि मुंबईत माझगावला जीप जोडली जायची. पुढे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले, म्हणून १९५३ च्या धोरणात जीप तरली.

जुन्या महिंद्रा जीपचं बॉनेट उंच का दिसतं, ठाऊक आहे? विलीजने नवीन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. ते मॉडेल सीजे-३बी. अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे तोच चेहरा पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर राहिला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. तेव्हा हा जिल्हाच नव्हता. आधी पश्चिम खान्देश, मग धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. गावागावात शेती, आरोग्य, शाळा यांची कामं न्यायची, त्यासाठी विकास गट पाडले, गटाला बीडीओ आला आणि बीडीओला जीप आली. 'सरकार' हा शब्द खूप गावांनी आधी आवाजाने ओळखला: घाटातून पहिल्या गिअरमध्ये कण्हत येणारी जीप.

सातपुड्यात दुसरी गाडी चाललीही नसती. चांदसैली घाट किंवा तोरणमाळचा सात पायरी घाट आज डांबरी रस्त्याने चढतानाही पोटात गोळा येतो. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एकीने पुढच्या चाकांनाही ताकद जाते, दुसरीने सगळेच गिअर आणखी 'जड' होतात, म्हणजे गाडी चालेल हळू पण ओढेल भरपूर. धडगाव भागातल्या नाल्यांसाठी आणि चिखलासाठी हे लागायचंच.

मग सरकारी जीप जुनी झाली की लिलावात निघायची आणि तिचा दुसरा जन्म व्हायचा: प्रवासी वाहतूक. मागे समोरासमोर बाकडी, वर कॅरिअर, बाजाराच्या दिवशी आत किती माणसं आणि टपावर किती, ते मोजायचं नसतं. काठीच्या होळीला जाणाऱ्यांना विचारा. पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं जायचं. कंपनीनेही तीच वाट धरली होती. सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, नंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने बनलेलं, आपल्या इगतपुरीच्या कारखान्यातलं. जास्त वजन सोसावं म्हणून कमानीला जादा पाटा पडला. कुठे फरशी फाटली, तिथे पत्रा ठोकला.

आता तीच जीप तुमच्या दारात उभी आहे. खोलायला घेतली की ती बोलायला लागते.

सगळ्यात आधी नंबर प्लेट. धुळे जिल्हा असतानाचा नंबर एमएच-१८, आपला जिल्हा झाल्यानंतरचा एमएच-३९. १९८९ च्या आधीची नोंदणी असेल तर नंबर एमपासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा, आणि १९६० च्या आधीची, मुंबई राज्यातली असेल तर बी. म्हणजे प्लेटवरून जिल्ह्याचा आणि राज्याचाही नकाशा वाचता येतो. मग आरसी बुक काढा आणि त्यातला चॅसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. हे आधी, पाना नंतर. नंबर जुळत नसतील तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जाऊ शकतो.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. गंजलेला बोल्ट जोर लावून तोडू नका, तेल सोडून रात्रभर ठेवा. फरशीखालच्या पट्ट्यांत पाणी साचतं, गंज तिथेच लपतो. त्याच्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे नुसती मलमपट्टी. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, मग रेड ऑक्साइड, मग पातळ पुट्टी. चॅसिस सरळ आहे का हे बघायला महागडं मशीन लागत नाही, दोन्ही कर्ण टेपने मोजा. इंजिनचं बोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं मात्र लेथवाल्याकडेच न्या.

आणि तीन गोष्टी जिवाच्या. जुनी पेट्रोल टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, ती पूर्ण धुऊन काढल्याशिवाय वेल्डिंग नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हवा मारून ती धूळ उडवायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही.

हे सगळं झालं की पॉलिश पेपर मारताना रंगाचे थर दिसायला लागतात. वरचा थर मालकाच्या आवडीचा, त्याखाली प्रवासी गाडीचा, त्याखाली सरकारी. फरशीत बाकड्याच्या बोल्टांची भोकं. आणि इथेच तो प्रश्न उभा राहतो, सुरुवातीला म्हटलेला. ही गाडी कुठल्या सालात परत न्यायची? कारखान्यातून निघाली त्या सालात? साहेबाची होती त्या सालात? की डिझेल लावून घाटात माणसं वाहिली त्या सालात?

अमेरिकेत याचं उत्तर ठरलेलं आहे: कारखाना. चॅसिसला जन्मापासूनचंच इंजिन असेल तर त्या गाडीला भाव. आपल्या कायद्यानेही बराचसा हाच रस्ता धरला. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे केंद्रीय नियम आले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. मग 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवायची नाही.

आता या चाळणीतून कोण पार होतं? बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवलेली गाडी. जिने सातपुड्यात तीस वर्षं काम केलं, जिचं इंजिन पोटासाठी बदललं, तिला 'मूळ स्वरूप' आणायचं कुठून? जी कमी चालली ती वारसा, आणि जी खूप चालली ती भंगार, असा हा हिशोब होतो. मला तो पटत नाही.

दुसरीकडून भंगाराची घाई आहेच. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या मोडीत जातात. प्रदूषणाच्या दृष्टीने त्यामागचं कारण समजतं. पण ज्या जीपांनी सरकार डोंगरापर्यंत नेलं, त्यांच्यातल्या ज्या आता उरतील त्या लोकांच्या अंगणातल्याच.

आणि तिसरा धोका आपल्याच हौसेचा. जुनी जीप घ्यायची, ट्रॅक्टरसारखे टायर, लांबलचक बंपर, भलतंच इंजिन, आणि म्हणायचं 'रिस्टोर केली'. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. पण कायदा बाजूला ठेवला तरी, अशा जीपमध्ये कुठलंच साल उरत नाही. ना साहेबाचं, ना ड्रायव्हरचं.

मग करायचं काय? माझं मत असं: आरसीवर जे इंजिन आहे त्याचंच साल धरा. डिझेलची रीतसर नोंद असेल तर ते डिझेल हाच त्या गाडीचा खरा इतिहास, त्याची लाज कशाला? ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग नव्यासारखं करा, कारण तिथे इतिहास नको, सुरक्षितता हवी. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही, तिथे हातभर जागेत जुन्या रंगाचे थर तसेच ठेवा. काढलेला भाग भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा फोटो आणि तारीख नोंदवा. आम्ही कोड लिहिणारे लोक जुन्या नोंदी पुसत नाही. कोणी, कधी, काय बदललं ते राहू देतो, कारण उद्या काही अडलं तर तिथेच उत्तर सापडतं. गाडीलाही तेच लागू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ती जीप चालवलेला माणूस शोधा. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात गिअरबॉक्स उतरवलेला मिस्तरी, पावसाळ्यात नाल्याच्या अल्याड रात्र काढलेला ड्रायव्हर. ते आता सत्तरीत आहेत. पार्ट कुर्ल्याला मिळेल, नाहीतर ऑनलाइन मिळेल. यांची आठवण कुठेच मिळणार नाही. मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि अहिराणीत बोलू द्या, भिलीत बोलू द्या, पावरीत बोलू द्या.

तर या रविवारी एवढंच करा. घरात, काकांकडे, मामांकडे कुठल्याही जुन्या गाडीचं आरसी बुक असेल तर ते उघडा आणि मालकांच्या नावांची रांग वाचा. चला, भेटू पुढच्या भागात. गाडीखाली शिरताना स्टँड लावायला विसरू नका!