लाख : विषारीपणा, बंदी व सुधारित वाण

लाख : (लाखोळी, लाखोरी, हिं. खेसारी, तिवडा, सं. त्रिपुट, लॅ. लॅथिरस सॅटायव्हस, कुल-लेग्युमिनोजी). पूर्व विदर्भातील एक जुने कडधान्य. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता), तसेच भंडारा व गोंदिया या धानाच्या प्रदेशांत त्याची लागवड होते. धान कापणीपूर्वी ओलसर बांधीत बी फेकून पेरतात. नांगरट, खत व पाणी यांवाचून जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर पीक वाढते. दाणे डाळीसाठी, कोवळी पाने भाजीसाठी आणि भुसा गुरांच्या वैरणीसाठी वापरतात. अवर्षणात इतर पिके बुडाली, तरी लाख बहुधा हाती लागते. तिचे महत्त्व व तिचा धोका या दोहोंचे मूळ ह्याच काटकपणात आहे.

लाखेचा दोष भारतीय वैद्यकास पूर्वीपासून ठाऊक होता. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील ग्रंथात त्रिपुटाच्या सेवनाने पांगळेपणा येतो, असे म्हटले आहे. १८२९ नंतरच्या नापिकीच्या वर्षांत सागर भागात अनेक तरुण लंगडे झाल्याची हकीकत इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदली आहे. ह्या विकारास कलायखंज (लॅथिरिझम) म्हणतात. दोन ते चार महिने आहाराचा मोठा भाग लाखेचाच असल्यास पायांचे स्नायू ताठरतात, गुडघे वाकतात, काठीवाचून चालणे अशक्य होते व तीव्र विकारात रोगी सरपटू लागतो. आलेला पांगळेपणा सहसा बरा होत नाही. मजुरी धान्यात, तीही लाखेच्या रूपाने मिळे, अशा शेतमजुरांत हा विकार विशेष आढळे. मिश्र आहारात अल्प प्रमाणात डाळ खाणाऱ्यांना तो क्वचितच होतो.

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनुसार १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदी आली. मध्य प्रदेश, बिहार व प. बंगाल ह्या राज्यांनी ती लागू केली नाही. महाराष्ट्रात ती अमलात आली. रोगकारक द्रव्य मात्र नंतर, १९६४ मध्ये, भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते ओडॅप हे ॲमिनो अम्ल होय. भरपूर पाण्यात डाळ भिजवून वा शिजवून ते पाणी टाकल्यास त्याचे प्रमाण बरेच घटते. बंदी विक्रीवर असल्याने शेतकऱ्याच्या घरी लाख शिजत राहिली. परंतु उघड बाजारात तिला भाव मिळेना आणि तूर व हरभऱ्याच्या डाळीत ती भेसळ म्हणून खपू लागली. नागपूर येथील शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ चळवळ चालविली. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने बंदी उठविली. तथापि २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत विक्रीची मनाई कायम राहिली.

दरम्यान पीकसुधारणेचा मार्ग खुला झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ऊतकसंवर्धनातून उद्भवलेल्या आनुवंशिक बदलांची निवड करून ‘रतन’, तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे वाण तयार झाले. त्यांत ओडॅपचे प्रमाण सु. ०.१ टक्का वा त्याहून कमी असते. ‘रतन’मध्ये परक्या सजीवाचे जनुक घातलेले नाही, त्यामुळे तो जनुकपरिवर्तित पिकांत मोडत नाही. याउलट जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यात जिवाणूचे जनुक आहे. त्यावर नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या व ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या लागवडीस केंद्र शासनाने स्थगिती दिली.

लाखेचा इतिहास ह्या वादास उद्‌बोधक आहे. परंपरागत अन्न केवळ नैसर्गिक म्हणून निर्दोष ठरत नाही आणि आनुवंशिक गुण बदलले म्हणून नवे अन्न आपोआप अपायकारक वा सुरक्षितही होत नाही. त्यातील द्रव्ये, सेवनाचे प्रमाण व खाणाऱ्याचा एकंदर आहार तपासावा लागतो. पांगळेपणा केवळ दाण्यातील विषामुळे आला नाही. दुसरे धान्य मिळू न देणाऱ्या दारिद्र्याचाही त्यात वाटा होता.