पायी जंगल: मुभा कोणाला, मनाई कोणाला



पिंपळगाव रेणुकाईत बसून आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची गोष्ट कशाला, असं कोणालाही वाटेल. इथले विषय म्हणजे मिरचीचा भाव, पाऊस आणि रात्रीची लाइट. आज आपण त्या लाइटीपर्यंतच येणार आहोत, फक्त जरा लांबून. प्रश्न साधा आहे. जंगलात पायी किंवा सायकलवर कोणी जायचं, हे कोण ठरवतं? आणि कधीपासून ठरवायला लागलं?

सुरुवात केनियापासून करू. तिथे नैवाशा सरोवराजवळ हेल्स गेट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८४ साली झालं, क्षेत्र साधारण ६८ चौरस किलोमीटर. फाटकापाशी सायकल भाड्यानं मिळते. झेब्रे, जिराफ, रानम्हशी चरताहेत आणि माणूस त्यांच्यामधून पायडल मारत चाललाय, असं तिथे रोज घडतं. हे चालतं, कारण सिंह आणि हत्ती यांचा तिथे सहसा वावर नसतो. म्हणजे मुभा जनावर बघून दिलेली आहे.

आता दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर बघा. १८९८ मध्ये तिथे साबी नावाचं राखीव क्षेत्र घोषित झालं. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन हा अधिकारी तिथे आला आणि त्यानं आत राहणारी माणसं बाहेर काढली. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'स्कुकुझा', म्हणजे झाडून साफ करणारा. आज त्या उद्यानातल्या मुख्य ठाण्याचं नाव तेच आहे. किती पर्यटकांना त्याचा अर्थ माहीत असेल?

१९२६ मध्ये कायदा होऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्याच वर्षी पाहुण्यांच्या मोटारी आत गेल्या. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायी वावरत होती, तिथे आता मोटारीतून उतरायला बंदी आली. मग १९७८ मध्ये तिथे पायी सहलींची पहिली ठरावीक वाट सुरू झाली. जास्तीत जास्त आठ पाहुणे, बरोबर बंदूकधारी वाटाडे, आणि अर्थातच पैसे.

क्रम लक्षात घ्या, मंडळी. पायी चालणं आधी जगणं होतं, मग ते गुन्हा झालं, आणि शेवटी तीच चाल तिकीट लावून विकायला आली.

याच क्रूगरच्या उत्तर टोकाला मकुलेके नावाचा समाज राहत होता. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारनं त्यांना तिथून उठवलं आणि जमीन उद्यानाला जोडली. सत्ता बदलली, त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जवळजवळ २४ हजार हेक्टर जमीन कागदोपत्री परत मिळवली. मात्र ते परत राहायला गेले नाहीत. जमीन उद्यानातच ठेवायची आणि पर्यटनाचं उत्पन्न आपण घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आज तिथे पाहुणे पायी फिरतात, पण जमिनीचे मालक मकुलेके आहेत.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग. १८१९ मध्ये मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या रांगेत आला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. पुस्तकांत याला 'शोध' म्हणतात. आजूबाजूला गुरं राखणाऱ्या माणसांना ती जागा ठाऊक होतीच. त्यांनी खांबावर नाव कोरलं नाही, एवढाच फरक.

पुढे शिकारीची चैन वाढत गेली. साहेब आणि संस्थानिक मचाणावर, हाका घालणारी गावची माणसं खाली पायी. जंगल रिकामं व्हायला लागल्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो गरजेचाच होता, यात शंका नको. पण त्याचं सत्ताविसावं कलम वाचण्यासारखं आहे. अभयारण्यात कोण जाऊ शकतो? कामावरचा सरकारी नोकर, राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, सार्वजनिक हमरस्त्यावरून जाणारा, या लोकांवर अवलंबून असलेली त्यांची माणसं. बाकीच्यांनी परवाना काढायचा. सरपणाला, मोहाला, देवदर्शनाला जाणारी पायवाट त्या दिवसापासून परवान्याची बाब झाली.

मुंबईचं बोरिवलीचं उद्यान घ्या. तिथे सकाळी फिरायला जाता येतं, सायकलीवर कान्हेरीच्या लेण्यांकडे जाता येतं, आणि त्याच जंगलात बिबटेही नांदतात. म्हणजे पायी माणूस आणि बिबट्या एका जंगलात असू शकतात, हे सिद्धच आहे. पण १९९७ मध्ये उच्च न्यायालयानं तिथली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. हजारो झोपड्या पडल्या आणि जंगलातल्या जुन्या पाड्यांच्या डोक्यावरही टांगती तलवार आली. फिरायला येणाऱ्याला पास मिळाला, राहणाऱ्याच्या हातात नोटीस पडली.

बरं, ताडोब्यात आपण जिप्सीतून वाघ बघतो. पण त्या जंगलात वाघ किती, हे कळतं कसं? कॅमेरे आहेतच, पण कॅमेरे लावायलाही कोणीतरी चालत जातं. व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक आपल्या बीटमध्ये किलोमीटरच्या किलोमीटर पायी हिंडून पंजांचे ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात हेच काम करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. पाहुण्यासाठी जे धोक्याचं म्हणून बंद, तेच चालणं वनरक्षकाच्या पगाराचं काम आहे. जंगलाचं ज्ञान आजही पायांतूनच वर येतं.

आणि वाघ? तो तर पायीच येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाला रेडिओ कॉलर लावली. तो निघाला, तेलंगणात जाऊन आला, विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांतून, नाल्यांतून चालत तेराशे किलोमीटरच्या वर अंतर कापून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ कन्नडजवळच्या गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला. तिथे कित्येक दशकांनी वाघ आला होता.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला ज्ञानगंगा, दुसऱ्या बाजूला गौताळा, आणि मधे अजिंठ्याची रांग, तिच्या पायथ्याची आपली शेतं. इथे फाटक नाही, तिकीट नाही, परवाना नाही. वाघ निघून गेला, पण बिबट्या, रानडुकरं, रोही कुठे जात नाहीत. या उद्यानात पायी हिंडणारा माणूस कोण? रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू करायला आणि दारं धरायला जाणारा शेतकरी. क्रूगरमध्ये पायी पाहुण्याच्या पुढे बंदूकधारी चालतो. आपल्या माणसाच्या हातात बॅटरी आणि काठी.

म्हणून आम्हाला वाटतं, की इथे वन्यजीव वाचवण्याचं पहिलं काम वीज मंडळाच्या वेळापत्रकात आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्यानं सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्याकडे आपण वीजबिलाच्या नजरेनं बघतो. ती बिबट्याच्या आणि माणसाच्याही जिवाची योजना आहे. ज्या पट्ट्यातून जनावरं ये-जा करतात, तिथले फीडर आधी दिवसावर आणावेत, अशी मागणी ग्रामसभेनं ठराव करून करायला काय हरकत आहे? माणूस मेल्यावर भरपाईचा अर्ज असतो. त्याच्या आधीचा अर्ज हा आहे.

मकुलेके लोकांकडून घ्यायचं ते एवढंच. जंगल राखायचं की माणूस, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. चालण्याच्या अटी कोण ठरवणार, हे विचारलं, आणि त्यासाठी कागद हातात धरला. आपल्या शिवारातून चालण्याच्या अटीही आपण ठरवू शकतो. त्या ठरावाचा मसुदा आता सगळ्यांनी मिळून करू.