व्यसनी पोराच्या भावंडांकडे कोण बघणार?

१९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं, ते पिणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन निघायला १९५१ उजाडलं. आणि घरातल्या पोरांसाठी अलाटीन? १९५७. म्हणजे लेकरांचा नंबर २२ वर्षांनी, सगळ्यात शेवटी! आपल्याकडे पुण्यात अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं.

पण मित्रांनो, घरात रांग अजून तीच आहे. थोरला व्यसनात गेला की आईबापाचा पैसा, वेळ, झोप सगळं त्याच्यामागे. धाकटी गुपचूप शहाणी होते. फी मागत नाही, मैत्रिणींना घरी आणत नाही. तिला एवढंच सांगा : यात तुझी चूक नाही, त्याला सुधारणं तुझं काम नाही. आणि रोजचा अर्धा तास फक्त तिच्यासाठी ठेवा.