आणीबाणीतले हसू

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले! त्याच डिसेंबरात ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र आले : राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसूनच वटहुकमावर सही करून कागद बाहेर देत आहेत. वर्गात हे सांगितले की मुले खळखळून हसतात. मीही हसतो. ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगसाप्ताहिक मात्र त्याआधीच, ऑगस्टमध्ये, बंद झाले होते. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, असे बजावूनच त्याने वाचकांचा निरोप घेतला. पांढरपेशांतले पुष्कळजण गाड्या वेळेवर येतात म्हणून समाधानी होते.

माझे आजोबा शेतमजूर. इंग्रजी दैनिक त्यांच्या हाती कधी आले नाही. आणीबाणी म्हटले की ते नसबंदीच्या जीपबद्दल सांगत. जीप येणार असे कळले की वस्तीतले पुरुष उसाच्या फडात जाऊन निजत. वरच्या आळीला जीप कधी गेली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. ते आपण फलकांवर लिहितो. पण नामदेव ढसाळांची, आपल्या सर्वांत बंडखोर कवीची, इंदिराबाईंवरची ‘प्रियदर्शिनी’ १९७६ ची आहे, हे शिकवताना वगळतो. मीही वगळत होतो. यंदा सांगितले. एका मुलीने विचारले, “सर, त्यांना ती जीप दिसली नसेल?” मला उत्तर देता आले नाही.